चौकटी ताणू नयेत म्हणून

माझ्या बायकोच्या पोटावर साडीच्या चौकटी ताणल्या जात होत्या, आणि त्यावर शेजारच्या अण्णाजींचं मत असं पडलं की बायको थोडी बारीक करावी.

"कसं हाये सर, कपडा बी सरळ येईन अन् वहिनीले बी बरं दिसंन," ते म्हणाले. "तुमच्याच हातात हाये ना आता सारं."

हे मात्र खरं होतं. लीना जाऊन दहा महिने झाले होते आणि मी तिला संगणकावर पुन्हा उभी करत होतो. मी निवृत्त कलाशिक्षक आहे. वर्ध्याच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं मुलांकडून मडकं, पेरू आणि घडीची छत्री काढून घेतली. माणूस काढायला शिकवावा असा अभ्यासक्रमच नव्हता, आणि असता तरी मी तो कुणाच्या हाती लागू दिला नसता, कारण मला स्वतःला हात नीट काढता येत नाहीत.

ज्यांना हे संगणकातलं प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिथे एक तयार बाई मिळते. हात जरा पसरून उभी असते, चेहऱ्यावर काही भाव नसतो, आणि कंबर बघून वाटतं की हिला घरात कुणी जेवायला घालत नसावं. बाजूला सरकवायच्या पट्ट्या असतात. एक पट्टी सरकवली की नाक लांबतं, दुसरी सरकवली की बाई जाड होते, आणि अंगावरचा कपडाही तिच्याबरोबर फुगतो. पण त्या कपड्यावरची नक्षी म्हणजे मूळच्या बारीक बाईच्या मापाने चिकटवलेलं एक चित्र असतं. बाई फुगली की चित्र ताणलं जातं. पट्टी लीनापर्यंत नेली की खांद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी असलेली चौकट पोटावर येईस्तोवर पोळपाटाएवढी व्हायची. साध्या रंगाच्या साडीत हे कुणाला कळलं नसतं. लीनाची आवडती साडी चौकडीची होती, हे माझं नशीब.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कॉलनीतल्या प्रत्येकाने मला विचारलं. तर त्याचं कारण भिंतीवरचा फोटो. चौतीस वर्षांच्या संसारात लीनाचा एकही सरळ फोटो नाही. प्रत्येक फोटोत ती कशाच्या तरी मागे आहे. सत्यनारायणाला चौरंगामागे, बारशाला पाळण्यामागे, महाबळेश्वरला माझ्यामागे. कॅमेरा दिसला की ती शेजारच्या बाईला पुढे ढकलायची. फक्त शेवटच्या वर्षात, वजन उतरायला लागल्यावर, तिने स्वतःहून फोटो काढून घेतले. म्हणून आता तिचे म्हणावेत असे जे चाळीस-बेचाळीस फोटो आहेत त्या सगळ्यांत ती वाळलेली आहे, आणि त्यांतलाच एक भिंतीवर लागला. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे मोठे झालेले.

दिवाळीला माझी मुलगी समीक्षा पुण्याहून आली. तिची मुलगी शाल्मली पाच वर्षांची आहे. ती त्या खोलीत जेवायला बसेना. "ती आजी माझ्याकडे बघते," म्हणाली. समीक्षाने फोटोवर टॉवेल टाकला. चार दिवस लीना टॉवेलखाली होती आणि आम्ही करंज्या खात होतो. त्या चार दिवसांत समीक्षा माझ्याशी जे बोलली ते सगळं जेवण आणि रक्तदाबाच्या गोळीबद्दल होतं. तसं तर ती वर्षभर माझ्याशी तेवढंच बोलत होती.

तेव्हा मी ठरवलं की वर्षश्राद्धाला त्या जागी खरी लीना लागली पाहिजे. आजारी पडायच्या आधीची, सगळीच्या सगळी, कशाच्याही मागे न लपलेली. नाही तर ही पोरगी जन्मभर एका टॉवेलखालच्या बाईला आजी म्हणणार होती. समीक्षाचा तर व्यवसायच हा आहे. ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीत ती संगणकातल्या बायकांना कपडे घालते. मी फोनवर तिला विचारलं, आईला करून देशील का. ती म्हणाली, "मी नाही करणार बाबा. तुम्हाला हवं तर शिकवते." आठवड्याने तिचा जुना संगणक कुरिअरने आला. त्यासोबत चिठ्ठी नव्हती.

पहिली अडचण साडीची. ती बाटलीहिरव्या रंगाची, मेंदी रंगाच्या चौकडीची साडी घरात नव्हती. सवाष्ण गेलेल्या बाईच्या साड्या चौदाव्याला मागून नेतात, आणि ती साडी अण्णाजींच्या पत्नी विमलाबाईंनी नेली होती. दिलेली वस्तू परत कशी मागणार? मी अण्णाजींना म्हटलं, मला फक्त त्या साडीचा एक फोटो पाहिजे. ते म्हणाले, "त्याच्यात काय हाये. शुक्रवारी धुतली की तारीवर राह्यते. घेऊन घेजा." हे त्यांनी विमलाबाईंना सांगायचं होतं. ते विसरले.

शुक्रवारी भर अकरा वाजता मी स्टुलावर चढून कंपाउंडच्या भिंतीवरून मोबाइल पुढे केला. तारेवर साडी होती, पण साडी एकटी नव्हती. घरातले बाकीचे कपडेही होते, आणि कुठले ते मी सभ्य माणूस असल्यामुळे सांगत नाही. वाऱ्याने साडी हलत होती म्हणून मला सातआठ फोटो घ्यावे लागले. आठव्याला विमलाबाई बादली घेऊन मागच्या दाराने बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं, तारेकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि आत गेल्या. त्या काही बोलल्या असत्या तर मला खुलासा करता आला असता.

चार वाजेपर्यंत कॉलनीतल्या तीन घरांचे कपडे गच्चीवर गेले होते. ज्या माणसाला पस्तीस वर्षं आदर्श शिक्षक म्हणून शाल-नारळ मिळाले त्याला संध्याकाळी दुधाच्या रांगेत जागा मोकळी करून दिली गेली, ती आदराने नव्हे. शेवटी अण्णाजींनी घरी कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी विमलाबाई स्वतः साडीची घडी घेऊन आल्या. "आमच्या यायनं सांगतलंच नाई," त्या म्हणाल्या, आणि मग भिंतीवरच्या टॉवेलकडे पाहून म्हणाल्या, "ठेवा ही तुमच्यापाशीच." दिवाळीपासून तो टॉवेल मीही काढला नव्हता. साडी गच्चीवर उलगडून, चारी टोकांना विटा ठेवून मी तिचे फोटो घेतले. पदरावर हळदीचा एक डाग होता. तो लीनाचा की विमलाबाईंचा, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी तो तसाच ठेवला.

दुसरी अडचण चेहऱ्याची. बारीक झाल्यावरचा चेहरा घेऊन त्याला फुगवता येत नाही. मी करून पाहिलं आणि जी बाई तयार झाली तिला मी घरात घेतलं नसतं. मग आठवलं की लीना ज्या सरकारी कचेरीत कारकून होती तिथे तिच्या सेवापुस्तकात एक फोटो चिकटवलेला असणार. कचेरीच्या फोटोत लपायला काही नसतं. कचेरीचं नाव मी सांगत नाही, कारण तिथे मला अजून कामं पडतात.

तिथल्या टेबलावर कैलास नावाचे गृहस्थ होते. लीनाच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून नियमाने चालणारे. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, मॅडमच्या आठवणीने डोळे पुसले आणि अर्ज करायला सांगितला. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा दाखला, माझं ओळखपत्र आणि मागणीचं कारण. कारणाच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं, की पत्नीचे सर्व फोटो आजारपणातले असून तिचा जाड असतानाचा चेहरा हवा आहे.

आठ दिवसांनी अर्ज शेऱ्यासह परत आला. शेरा असा होता: "सदर कर्मचारी जाड असल्याबाबत पुरावा जोडावा."

मी कैलासरावांना विचारलं, "पुरावा तुमच्याच कपाटात आहे. तोच तर मी मागतोय."

"ते बरोबर हाये सर," ते म्हणाले. "पण साहेबाईनं लिवलं म्हंजे उत्तर तर द्या लागंन. वजनाचा काई दाखला हाये का?"

वजनाचे दाखले माझ्याजवळ होते. सावंगीच्या दवाखान्याच्या फायलीत दर पंधरा दिवसांचं वजन लिहिलेलं होतं, पण ते सगळे उतरत्या बाजूचे. त्यांतला पहिला, सगळ्यात मोठ्या आकड्याचा कागद मी जोडला. आणखी दोन आठवड्यांनी मला फोटोची झेरॉक्स मिळाली, आणि तिच्यावर डाव्या गालावर बरोबर मध्ये गोल शिक्का, 'सत्यप्रत'. मूळ फोटो मोबाइलने घेऊ द्यायचा नियम नव्हता. कैलासरावांनी मात्र सेवापुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि पाणी प्यायला म्हणून ते उठून गेले. ते चांगली दहा मिनिटं पाणी पीत होते. मी फोटो घेतला. त्या फोटोत लीना सरळ समोर बघत होती, गोल चेहरा, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, कपाळावर घाम. मी तिच्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं.

चेहरा झाला, साडी झाली, आणि पट्टी सरकवल्याबरोबर चौकटी ताणल्या. मी समीक्षाला फोन केला.

"चित्र बारीक शरीरावर मांडलंय बाबा," ती म्हणाली. "जाड केल्यावर पुन्हा नव्याने मांडा."

मी मांडलं. पोटावर सुधारलं, कमरेवर बिघडलं. कमरेवर सुधारलं तर मांडीवर चौकटी तिरक्या झाल्या. मग मी साडीवर तेच चित्र लहान करून जास्त वेळा उमटवून पाहिलं, तेव्हा पोटावरच्या चौकटी मापात आल्या आणि खांद्यावरच्या इतक्या बारीक झाल्या की तिथे जाळी लागल्यासारखी दिसू लागली. असे तीन आठवडे गेले. समीक्षा शांतपणे उत्तरं द्यायची, अनोळखी गिऱ्हाइकाला देतात तशी. एकदा ती म्हणाली, "पाठीवर बिघडत असेल तर पाठ दाखवू नका." मी म्हटलं, "आणि पोटावर बिघडत असेल तर?" त्यावर तिने फोन ठेवला.

कॉलनीत एव्हाना सगळ्यांना विषय कळला होता आणि सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, साडी साधी द्या. कुणी म्हणालं, पोटाशी पर्स धरलेली दाखवा. एका गृहस्थांनी तुळशीवृंदावनामागे उभी करण्याचं सुचवलं, म्हणजे धार्मिकही दिसेल. आणि अण्णाजी रोज सकाळी येऊन, माझ्या खुर्चीमागे उभे राहून, तेच म्हणायचे, "जराशी बारीक करा ना सर. काऊन एवढा तरास घेऊन राह्यले?"

एके दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, "चौतीस वर्षं ती कशाच्या तरी मागे उभी होती. आता मेल्यावर तरी समोर येऊ द्या तिला."

अण्णाजी गोंधळले. त्यांचा काही दोष नव्हता, कारण तिला मागे उभं करणारा माणूस मीच होतो. घरी चार लोक आले की माझा एक ठरलेला विनोद असायचा. मी म्हणायचो, "आमच्याकडे लहान कॅनव्हास इथे भिंतीवर आहेत. मोठा स्वयंपाकघरात आहे." लोक हसायचे. चहाचा ट्रे घेऊन येणारी लीनाही हसायची. मला तेव्हा वाटायचं, काय दिलदार बायको आहे. हे लिहिताना मला माझी लाज वाटते आहे, आणि ती लाज वाटायला मला पासष्ट वर्षं लागली.

अण्णाजी मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "पण शेवटी वहिनी कशा सडसडीत झालत्या ना. आमच्या घरची म्हणे, वहिनीनं काय केलं ते मले बी इचारून सांगा."

हो. सगळ्यांनी विचारलं होतं. लीना रोज सकाळी मैदानावर फिरायला जायची, आणि त्या वर्षी एकाएकी वजन उतरायला लागलं. चार महिन्यांत अकरा किलो. कॉलनीतल्या बायका तिला थांबवून खाणंपिणं विचारायच्या, आणि ती जवसाच्या चटणीला श्रेय द्यायची. मी तिला आरशासमोर उभी पाहून म्हणालो, "आता छान दिसतेस." आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो. पाचव्या महिन्यात पोट दुखायला लागलं म्हणून सावंगीला नेलं. समीक्षाही आली होती. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? मी अभिमानाने सांगितलं, चार महिन्यांपासून, सारखं उतरतंय. डॉक्टर लिहीत होते, ते लिहिता लिहिता थांबले. समीक्षाने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तिने माझ्याकडे नीट पाहिलेलं मला आठवत नाही.

अण्णाजी गेल्यावर मी लीनाची पेटी उघडली. साडी जमत नव्हती तर निदान ब्लाउज तरी खऱ्या मापाचा करावा, असं मनात होतं. पण एकही ब्लाउज खऱ्या मापाचा नव्हता. प्रत्येकाला बाजूने आत टीप मारलेली होती, एका टिपेच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. जास्तीचं कापड आतच दुमडलेलं होतं. टिपा उसवून माप घेता आलं असतं. मी कात्री हातात घेतली आणि परत ठेवली.

लीनाची पहिली नेमणूक देवळीला होती. तिथल्या सुलोचनाबाईंकडे तिने पहिला ब्लाउज शिवला आणि पुढे वर्ध्याला बदली झाली तरी शिंपीण बदलली नाही. वर्षातून दोनदा बसने देवळीला जायची. मी त्यावरून तिला वेड्यात काढायचो. दुसऱ्या दिवशी मी त्याच बसने गेलो. शेजारी एक माणूस सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मला कुठे जाता म्हणून विचारलं. बायकोचं माप आणायला, असं मी सांगितलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

सुलोचनाबाई समोरच्या खोलीत मशीनवर बसल्या होत्या. मी नाव सांगताच त्यांनी पाय थांबवला. "सर व्हय का तुम्ही," त्या म्हणाल्या. "मले वाटे तुम्ही उंच असान." मी काम सांगितलं. त्यांनी फळीवरून मापांच्या वह्या काढल्या, पुठ्ठ्याच्या, कडा झिजलेल्या.

"कोणत्या सालचं माप पायजे?"

असा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, आजारी पडायच्या आधीचं. त्यांनी पान उघडलं. छाती, कंबर, दंडाचा घेर, खांद्यापासून उंची. पेन्सिलीने लिहिलेले आकडे. मी वहीत उतरवून घेतले. मग मी त्यांना चौकटींचं दुखणं सांगितलं, मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेऊन पाहिलं.

"हे कोनं नेसोलं?" त्या म्हणाल्या. "साडी कधी ताणते का सर? साडी काय फुगा हाये? कपडा तेवढाच राह्यते. बाई भरली त निऱ्या कमी येते. तुमच्या मॅडमच्या चारच निऱ्या यायच्या. याच्यात तुम्ही सात टाकल्या."

मी चित्राकडे पाहिलं. खरंच सात होत्या. तयार बाईच्या तयार साडीला सात निऱ्या होत्या आणि मी त्या तशाच फुगवत बसलो होतो. चौतीस वर्षं रोज सकाळी ती माझ्यासमोर साडी नेसली आणि तिच्या निऱ्या किती, हे मला देवळीची शिंपीण सांगत होती. मी स्वतःला चित्रकार म्हणवत होतो.

उठताना मी सहज विचारलं, ब्लाउजांना एवढ्या टिपा का मारल्या. सुलोचनाबाईंनी वही मिटली.

"तीन खेपा आल्त्या मॅडम त्या साली. पयल्या बारीले लय खूश होत्या. म्हणे सारे ब्लाउज आत घे. दुसऱ्या बारीले मले भेव वाटलं. मी म्हटलं, मॅडम, एवढं काऊन उतरून राह्यलं? दवाखान्यात दाखवा. त म्हणे, आमचे सर म्हणते आता छान दिसून राह्यली." त्यांनी वही फळीवर ठेवली. "तिसऱ्या बारीले काईच बोलल्या नाई. फक्त म्हणे, सुलोचना, कपडा कापू नोको, आतच राहू दे."

मला तिथेच रडू आलं. पासष्टीचा माणूस, परक्या बाईच्या दुकानात, उभ्याने. सुलोचनाबाईंनी मशीन सुरू केलं आणि हातात नसलेलंच काही तरी शिवत राहिल्या, त्यामुळे मला आवाज न लपवता रडता आलं.

घरी येऊन मी ती फुगवलेली साडी पुसून टाकली. वहीतल्या मापाची बाई केली, एक इंचही इकडे तिकडे नाही. मग एक लांब, सपाट, चौकडीचं कापड केलं, खऱ्या साडीएवढंच, आणि ते तिच्याभोवती गुंडाळलं. संगणक कापडाला वजन देऊ शकतो, ते पडतं, घड्या घेतं. पहिल्या दिवशी साडी सरळ जमिनीवर गळून पडली. दुसऱ्या दिवशी मानेभोवती गुंडाळली गेली. विमलाबाईंनी माझ्यामागे उभं राहून, पदर आधी की निऱ्या आधी, ते सांगितलं, आणि एकदाही हसल्या नाहीत. नवव्या दिवशी चार निऱ्या पडल्या. पोटावरच्या चौकटी तेवढ्याच होत्या जेवढ्या साडीवर होत्या, फक्त पोटावरून वळून गेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसलो. अण्णाजी आले, त्यांनी पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाले, "हे वहिनी हाये." बारीक करा म्हणाले नाहीत.

आता फक्त छापून घ्यायचं राहिलं होतं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी छापखान्यातून फ्रेम आणली आणि घरी येऊन कागद सोडला. चौकटी उभ्या ताणलेल्या होत्या. चेहरा लांबट, कंबर आत. मी तसाच परत गेलो. दुकानदार तत्परतेने म्हणाला, "फ्रेमच्या मापात बसून नव्हतं राह्यलं सर, म्हणून जरा दाबून घेतलं. काकू बारीक बी दिसते ना? त्याचे वेगळे पैसे नाई लावले." दुसऱ्यांदा छापायला वेळ नव्हता.

म्हणून वर्षश्राद्धाच्या दिवशी लीना आतल्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर होती. समीक्षा आणि शाल्मली सकाळीच आल्या. समीक्षाने स्वयंपाकाचा ताबा घेतला, गुरुजींना हवं नको पाहिलं, पानं वाढली, आणि आतल्या खोलीच्या दारावरून चार वेळा गेली. चारही वेळा तिने मान वळवली नाही. मी बोलावलं नाही. जिने तिच्या कामातलं सगळं मला फोनवरून शिकवलं होतं तिला मी ये म्हणू शकलो नाही.

पाहुणे गेल्यावर मी आत जाऊन बसलो. शाल्मली मागून आली, माझ्या मांडीवर चढली आणि पडद्याकडे बघू लागली. ती घाबरली नाही. बराच वेळ बघून तिने विचारलं, "ही आजीची आई आहे?"

"नाही गं. ही आजीच आहे. आजारी पडायच्या आधीची."

"एवढी मोठी होती?"

"एवढीच होती."

तिने पडद्यावर बोट ठेवलं, पोटावर, चौकडीवरून फिरवलं. "मग ती बारीक झाली तेव्हा तुला दिसलं नाही?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मला कळलं की समीक्षा दारात उभी आहे.

"दिसलं," मी म्हणालो. "मी तिला म्हटलं, छान दिसतेस."

"मग ती काय म्हणाली?"

"ती खूश झाली. म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर झाला. चूक माझी होती."

हे मी पाच वर्षांच्या मुलीला सांगत नव्हतो, आणि ज्या मुलीला सांगत होतो तिच्याकडे वळून बघायचं मला धाडस होत नव्हतं. शाल्मली मांडीवरून उतरली, कारण तिला खीर आठवली. पावलं जवळ आली. समीक्षा माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. मी माझे हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो. तिच्या हातांना आमसुलाच्या कढीचा वास येत होता.

"चारच निऱ्या," ती हळूच म्हणाली.

"चारच यायच्या तिच्या," मी म्हटलं.

तिने ओले हात साडीला पुसले आणि शेजारची खुर्ची ओढली.

"डाव्या खांद्यावर चौकट अजून ताणली आहे, बाबा," ती म्हणाली. "सरका थोडे. मी करते."